केसरगीचा सोमवार

सून घरात आली की बोरकळ गावात तिचं नाव मागं पडायचं आणि माहेरच्या गावावरून तिला हाक मारली जायची. आलूरची, मुरुमची, उमरग्याची. तशी शिवगंगा ही 'केसरगीची'. बाकीच्या सुनांना त्या हाकेचं काही वाटत नसे. हिला मात्र ती ऐकली की पाठीत कुणी बोट रुतवल्यासारखं व्हायचं, कारण त्या दिवसांत बोरकळात केसरगी हे गावाचं नाव कमी आणि शिवी जास्त होती.

दोन्ही गावं उमरग्याच्या खालच्या अंगाला, कानडी मुलूख लागायच्या जरा अलीकडे. मध्ये एक ओढा आणि एक उघडाबोडका माळ. दोन्हीकडे शंकराला मानणारी, गळ्यात लिंग घालणारी माणसं, निम्मं कानडी आणि निम्मं मराठी बोलणारी. भांडताना कानडी बोलायचे, भाव करताना मराठी. सोमवार हा बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा वार. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही हा सगळ्या मुलखाचा नेम. बैलाला सुट्टी म्हणून माणसाला सुट्टी, आणि माणसाला सुट्टी म्हणून सोमवारी बाजार. व्यापाऱ्यांच्या गाड्या रविवारीच येऊन उभ्या राहायच्या आणि मंगळवारी हलायच्या. सोमवारी बाजारात चाक फिरत नाही, असं लोक मोठ्या अभिमानानं सांगायचे. हा बाजार पिढ्यान्‌पिढ्या केसरगीचा होता.

तो गेला केसरगीकरांच्या स्वतःच्या डोकेफिरूपणामुळं. जत्रेत नंदीकोल, म्हणजे देवापुढची उंच सजवलेली काठी, आधी कुणाची निघायची यावरून दोन्ही गावं हमरीतुमरीवर आली. दौऱ्यावरच्या निजामी साहेबाचा तंबू शंभर पावलांवर, आणि पहिली काठी डोक्यात घातली ती केसरगीच्या माणसानं. साहेबाची झोपमोड झाली. त्यानं हुकूम काढला, केसरगीचा बाजार बंद, यापुढं तो बोरकळात भरेल. काही जण तुरुंगात गेले. उरलेल्यांनी केसरगीतल्याच, सगळ्या मुलखाच्या मठात बाकीच्या गावांसमोर पागोटी काढून माफी मागितली. एका हंगामात केसरगी ओस पडल्यासारखी झाली. लग्नाला, मयताला, पंचायतीला त्यांना कुणी आधी विचारेना. मीठ आणायलाही बोरकळला जायची पाळी आली. तेव्हा केसरगीकरांनी एकच हट्ट धरला, बोरकळचं पाणी प्यायचं नाही. बाजाराला जाताना प्रत्येकाच्या हातात आपापला पाण्याचा चंबू असायचा. बोरकळची पोरं त्या चंबूंना हसायची.

शिवगंगेचा बाप माणिकप्पा. मीठ, गूळ, सुपारीचा दुकानदार. बाजार गेल्यापासून माल गड्याकरवी बोरकळातून आणवायचा. गावात सगळ्यांत हळू बोलणारा आणि म्हणून सगळ्यांना ऐकावं लागणारा माणूस. बायको लवकर गेली. पोर त्यानं दुकानाच्या ओसरीवरच वाढवली. गावाची सगळी खलबतं त्या ओसरीवर व्हायची आणि शिवगंगा लहानपणी बापाच्या मांडीवर बसून, मोठी झाल्यावर उंबऱ्यात डाळ निवडत ती ऐकायची. तिला कुणी कधी आत जा म्हटलं नाही. घरात बाई नव्हती, सखी नव्हती. ओसरीवरचं बोलणं हीच तिची आई आणि हीच तिची सखी.

बाजार गेल्यावर तिथं रोज काठ्या-कुऱ्हाडींची भाषा चालायची. माणिकप्पा ऐकून घ्यायचा. एक दिवस म्हणाला, "काठ्या घेऊन गेलो तर काठ्याच खाऊन येऊ. राज त्यांच्याकडं, साहेब त्यांच्याकडं. आता आपल्याला दोनच कामं. कान उघडे ठिवायचे आन् आल्यागेल्याला जेवू घालायचं."

"कान ठिवायचे कुठं?" कुणीतरी विचारलं.

माणिकप्पानं उंबऱ्याकडं पाहिलं. तिथं शिवगंगा सुपात हरभरा पाखडत होती.

पुढच्या हंगामात लग्न झालं. बोरकळचा बाजार ज्याच्या हातात होता त्या कल्याणप्पाच्या घरी, त्याच्या मुलाशी, बसवराजशी. कल्याणप्पाला आनंद झाला. हरलेल्या गावानं आपण होऊन लेक दिली, यापरता मोठा मान कोणता? दोन्ही गावांत रोटीबेटी पुन्हा सुरू झाली म्हणून मठाच्या स्वामींनी आशीर्वाद दिला. केसरगीनं आंदणात बिळ्या नावाचा पांढराशुभ्र गोऱ्हा दिला. शिवगंगेनं त्याला हातानं चारा घालून वाढवला होता.

निरोपाच्या वेळी माणिकप्पानं तिला बाजूला घेतलं. "ही लढाई न्हाय, गंगव्वा. नुसतं ऐकायचं. तुला लहानपनापासून ऐकायची सवय हायच. पंचमीला आलीस की सांगायचं. आन् बाजार परत आला ना, की दर सोमवारी तू हिकडं बाजाराला येशील. दर सोमवारी बाप दिसंल तुला. वर्सातनं एकदा पंचमीची वाट बघायला नको."

कोवळ्या पोरीला गावाची इभ्रत, मान, पंचायत यातलं काय कळणार? तिला फक्त 'दर सोमवारी' कळलं. ती हो म्हणाली.

बोरकळचं घर वाईट नव्हतं, आणि हीच खरी पंचाईत होती. सासू सिद्धम्मा तोंडानं तिखट, पण पहिली भाकरी सुनेच्या ताटात टाकणारी. सासरा कल्याणप्पा ताठ, बाजाराचा अभिमानी, पण सुनेवर कधी आवाज न चढवणारा. बसवराज शेतातच जास्त असायचा. येताना कधी ओला हरभरा, कधी बोरं आणायचा आणि काही न बोलता चुलीजवळ ठेवून जायचा. त्याचा एकच दोष, तो चांगला होता. वाईट माणसांच्या घरात कान लावून बसणं सोपं असतं. ह्या घरात शिवगंगेला घास गिळताना जड जायचं.

कल्याणप्पाच्या ओसरीवर दर रविवारी बाजाराची मंडळी बसायची. ती पाणी द्यायला, पानाचं तबक ठेवायला जायची आणि ऐकायची. मोठं गुपित असं काही नसायचंच. घोंगडीवाल्या धनगरांना उन्हातली जागा दिली म्हणून ते कुरकुरतात. गुळाच्या आडत्याचा बैल बाजारात दगावला आणि बोरकळातल्या कुणी त्याला विचारलं नाही. बैलांच्या हौदाला फाल्गुनातच तळ लागतो. बस्स, असलंच.

पंचमीपर्यंत थांबायला नको म्हणून वाटही निघाली. धुरपताबाई वैराळीण बांगड्यांचा हारा डोक्यावर घेऊन दोन्ही गावांत फिरायची. बाईचा हात हातात घेऊन घटकाभर बसायची मुभा असलेली ती एकटीच. बांगडी चढवताना शिवगंगा हळू आवाजात सांगायची आणि धुरपताबाई "हात ढिला सोड, पोरी" एवढंच मोठ्यांदा म्हणायची.

तेवढ्या चिल्लर बातम्यांवर माणिकप्पानं काय काय उभं केलं! आडत्याच्या घरी तो स्वतः गेला. बैलाचा दुखवटा करायला कुणी जातं का? हा गेला, आणि आडत्या ढसाढसा रडला. धनगरांना त्यानं कळवलं की केसरगीच्या मठामागं लिंबांची दाट सावली आहे, येता-जाता टेका. बोरकळच्या वाटेवर, केसरगीच्या शिवेत, त्यानं मोठा हौद बांधवला. मठात शनिवारी संध्याकाळी दासोह सुरू केला. कुणीही यावं, जात-गाव न विचारता पोटभर जेवावं. हुग्गी असायची, गव्हाची, गुळाची, वर तूप. गाडीवाले आधी पाण्याला थांबू लागले, मग जेवायला, मग मुक्कामाला. बाजार बोरकळचा, पण शनिवारची रात्र केसरगीची, असं होऊन बसलं. लोक लग्नाच्या बैठकीत पुन्हा म्हणू लागले, माणिकप्पांना येऊ द्या, मग बोलू. काठी न उचलता एक हरलेलं गाव हळूहळू ताठ उभं राहत होतं.

आणि ज्या पोरीच्या कानांवर हे सगळं चाललं होतं, ती बोरकळात वाळत चालली होती. दुसऱ्याचं ऐकायला बसलेल्या माणसाला स्वतःचं कुणाला सांगता येत नाही. पाणवठ्यावर बाया मन मोकळं करायच्या, ही गप्प. एखादा शब्द निसटला तर? सिद्धम्मा मायेनं जवळ बसली की ही काहीतरी काम काढून उठायची. मूलही होत नव्हतं. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही असा रिवाज, त्यामुळं माणिकप्पा क्वचित आला तरी ओसरीच्या कडेला टेकून, कोरड्या तोंडानं परत जायचा. ती दुपारच्या वेळी गोठ्यात जायची आणि बिळ्याशी कानडीत बोलायची. गोऱ्ह्याचा आता उंचापुरा बैल झाला होता. त्याच्या कानात सांगितलेलं कुठं जाणार नव्हतं.

अशी वर्षं गेली. मग निजामाचं राज्य डळमळू लागलं. पलीकडं हिंदुस्थान स्वतंत्र झाला, सरहद्द आवळली गेली आणि सोलापूरकडून येणारं कापड, मीठ, रॉकेल आटलं. वाटा धोक्याच्या झाल्या. बोरकळच्या बाजारात निम्म्या जागा मोकळ्या दिसू लागल्या. मीठ नाही तर बाजार कसला? कल्याणप्पाची झोप उडाली. उमरग्याला माल कधी यायचा त्याचा नेम नव्हता, आणि तो ज्या दिवशी येईल त्याच दिवशी उचलावा लागे.

एका सोमवारी उजाडताना शिवगंगा शेण काढायला गोठ्यात निघाली. परसातलं मागचं दार उघडं होतं. बाहेर आडवाटेला तोंड करून एकबैली छकडा उभा. कल्याणप्पा अनवाणी, एकटा, बिळ्यासमोर वाकलेला. त्यानं बैलाच्या खुरांना हात लावून तो कपाळाला लावला. मग डोळे पुसले आणि मानेवर जू ठेवलं. बिळ्यानं मान खाली घातली नाही. सोमवार त्यालाही ठाऊक होता. कल्याणप्पानं दोन्ही हातांनी ती मान दाबली.

शिवगंगेच्या हातातली पाटी निसटली. मागं सिद्धम्मा येऊन उभी होती. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"आत चल," ती म्हणाली. "तू काय बघितलं न्हायस. म्याबी न्हाय."

त्या दिवशी बाजारात मीठ होतं. ते रविवारीच येऊन पडलं असेल असं समजून लोकांनी कल्याणप्पाची वाहवा केली. त्यानंतर आणखी काही सोमवारी मागचं दार उघडलं गेलं. बिळ्याच्या मानेवर वळ उठला. शिवगंगा त्याला हळद-तेल लावायची, आणि तिच्या लक्षात यायचं की कुणीतरी आधीच लावून गेलंय. सिद्धम्मा असेल किंवा सासराच असेल.

धुरपताबाई आली. हात हातात घेऊन तिनं नजरेनंच विचारलं. शिवगंगा म्हणाली, "काय न्हाय, मावशी." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं हातचं राखलं. ही चोरी परक्याच्या घरची राहिली नव्हती. तिच्या घराची होती. हे घर कधी आपलं झालं, ते तिलाही त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं.

पण श्रावणात पंचमीला ती माहेरी गेली आणि बापानं विचारलं, "माझा बिळ्या कसा हाय?" तिथं तिचा बांध फुटला. ती हुंदके देत सगळं बोलून गेली. सोमवारचं जू, मानेवरचा वळ, अनवाणी सासरा, सगळं. ती खबर देत नव्हती. आई नसलेली पोर बापाजवळ रडत होती, इतकंच. बोलून झाल्यावर ती घाबरली आणि तिनं बापाचे पाय धरले.

"अप्पा, हे कुनाला सांगू नका. बाकीचं मी कायबी आनून दिलं. हे मात्र माझं हाय."

"माझ्या पोटात ऱ्हाईल," माणिकप्पा म्हणाला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला. त्या वेळी तो खरंच बोलत होता, असं आपण धरून चालू.

भाद्रपदात निजामाचं राज्य पाच दिवसांत आटोपलं. काही दिवस कुणाला काही सुचेना. मग थंडी पडायच्या सुमाराला नवा साहेब आला. जुन्या हुकमाची तक्रार त्याच्यापुढं गेली. तो म्हणाला, बाजार कुठं भरवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा आणि मला कळवा, म्हणून सगळी गावं मठात जमली. पुरुष पुढं, बायका मागं खांबांजवळ. शिवगंगा सिद्धम्माच्या खांद्याला खांदा लावून बसली होती.

बोलणी लांबली. आडत्या केसरगीकडून बोलला, धनगर बोलले, दासोहाचं अन्न खाल्लेले गाडीवाले बोलले. तरी निम्मी गावं म्हणत होती, अडचणीच्या दिवसांत बोरकळनंच मीठ दिलं, कल्याणप्पांचे उपकार कसे विसरायचे? तराजू बोरकळकडं झुकू लागला. केसरगीचे लोक माणिकप्पाच्या तोंडाकडं बघू लागले. इतक्या वर्षांचा हौद, हुग्गी, दुखवटे, सगळं पाण्यात जाणार होतं.

माणिकप्पा उठला. त्यानं एकदा मागं, बायकांच्या बाजूला पाहिलं. शिवगंगेनं मान हलवली. नको, अप्पा. त्यानं ते पाहिलं, आणि नजर काढून घेतली.

"माझं जास्त म्हननं न्हाय," तो नेहमीच्या हळू आवाजात म्हणाला. "कल्याणप्पांनी लिंग हातावर घ्यावं आन् एवढंच सांगावं, की बोरकळच्या बाजारात सोमवारी चाक फिरलं न्हाय. मग बाजार त्यांचा. आमी उठून जातो."

लोक हसलेच. हा काय प्रश्न झाला? कल्याणप्पानं गळ्यातल्या करडगीतून, लिंगाच्या त्या चांदीच्या डबीतून, लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं. नाही म्हणायला एक शब्द पुरेसा होता. परसातली गोष्ट, पाहणारं कुणी परकं नव्हतं, कुणी साक्ष काढणार नव्हतं. पण हातावर लिंग घेऊन खोटं बोलणारा माणूस त्या मुलखात नव्हता, आणि माणिकप्पाला हे पक्कं ठाऊक होतं.

"फिरलं," कल्याणप्पा म्हणाला. "माझ्याच घरचं फिरलं."

मग त्यानं पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. "तुमाला कुनी सांगितलं हे मी इचारनार न्हाय, माणिकप्पा." त्यानं मागं वळून पाहिलंही नाही. पण सिद्धम्मा बसल्या जागेवरून जराशी सरकली आणि दोघींच्या खांद्यांमध्ये जागा झाली. ती जागा एवढीशीच होती, आणि शिवगंगेला तिच्यातून गार वारा लागला.

बाजार केसरगीला परत आला. हलग्या वाजल्या.

बोरकळात तिला कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही, घराबाहेर काढलं नाही. त्यातलं काही केलं असतं तर ती रडून मोकळी झाली असती. पहिली भाकरी अजूनही तिच्याच ताटात पडायची. फक्त ती ओसरीवर पाय ठेवायची आणि बोलणं थांबायचं. ती तबक ठेवून आत गेली की पुन्हा सुरू व्हायचं. सिद्धम्मा पीठ, पाणी, सरपण याखेरीज शब्द काढत नसे.

बसवराजनं एकदाच विचारलं. "बिळ्यासाठी सांगितलंस का बाजारासाठी?"

"बिळ्यासाठी."

"मग मला का न्हाय सांगितलंस?" तो म्हणाला. "मी सोडला असता त्याला."

ह्या माणसाला काही सांगता येतं, हे तिला इतक्या वर्षांत सुचलंच नव्हतं. तो शेतातल्या झोपडीत झोपू लागला.

मग तिनं सगळा जीव केसरगीत ठेवला. जिच्या जिवावर गाव उभं राहिलं, तिला गाव विसरेल कसं? आणि पंचमीला खरंच सजवलेली गाडी आली. माणिकप्पानं हिरवं लुगडं आणलं, हुग्गी शिजली. वेशीत बाया जमल्या. "बोरकळची आली गं," एकजण दुसरीला म्हणाली. सासरी केसरगीची आणि माहेरी बोरकळची. शिवगंगा हसली, पण तिला ते बोचलं.

दुपारी ओसरीवर मंडळी बसली होती. बोरकळकर पुन्हा काही खटपट करतील का, नव्या साहेबाला कसं धरून ठेवायचं, असं चाललं होतं. तोच आवाज, तोच सुपारीचा अडकित्ता. शिवगंगेला एकदम लहान झाल्यासारखं वाटलं. पाण्याचा तांब्या भरून ती बाहेर आली आणि सवयीनं उंबऱ्यात टेकायला वाकली.

बोलणं थांबलं.

तिला वाटलं, तहान लागली असेल सगळ्यांना. तिनं तांब्या पुढं केला. कुणी हात लावला नाही. अडकित्ताही थांबला होता.

"गंगव्वा," माणिकप्पा म्हणाला, "पानी ठिव आन् आत जा, बाळ."

दाराआड गेल्यावर तिला मागून एक आवाज ऐकू आला. "तिकडचं हिकडं आनलं, हिकडचं तिकडं न्यायला किती येळ लागतो?" बाप काही बोलेल म्हणून ती दाराआड उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. बाप बोलला नाही. मग अडकित्ता पुन्हा चालू झाला आणि हळू आवाजात, तिला ऐकू येणार नाही अशा बेतानं बोलणंही चालू झालं. दुसऱ्या दिवशी पंचमीच्या झोक्याला हात न लावता ती बोरकळला निघून आली.

आता मिठासाठी केसरगीला जायची पाळी बोरकळकरांची. आणि हट्ट त्यांनाही होताच. केसरगीचं पाणी प्यायचं नाही, आपापला चंबू न्यायचा. एका सोमवारी घरातलं मीठ संपलं. सिद्धम्मा चंबू भरून निघाली आणि दारात थांबली. चल म्हणाली नाही, पण थांबली. शिवगंगा पिशवी घेऊन मागोमाग चालू लागली. सोमवार म्हणून गाडी नव्हती. उन्हाचा माळ दोघींनी न बोलता तुडवला.

माणिकप्पाच्या दुकानापुढं गर्दी होती. लेक दिसताच तो उठून उभा राहिला. थकला होता, केस पिकले होते. मिठाचं माप भरून त्यानं वर आणखी दोन ओंजळी टाकल्या.

"मापानं द्या," शिवगंगा म्हणाली. "बोरकळचं गिऱ्हाईक हाय."

त्यानं ओंजळी काढल्या नाहीत. तांब्या पुढं केला. "उन्हातनं आलीस. पानी पी. बोरकळकरांना नसंल प्यायचं तर ऱ्हाऊ दे. तू तर केसरगीची."

"मग त्या दिवशी ओसरीवर बोलनं का थांबलं, अप्पा?"

गर्दीतली माणसं इकडंतिकडं पाहू लागली. माणिकप्पाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. आयुष्यभर प्रत्येकाला नेमकं काय बोलायचं हे ज्याला ठाऊक होतं, त्या माणसाला आपल्या लेकीशी एक वाक्य बोलता आलं नाही. शिवगंगेनं पिशवी उचलली. तिचे ओठ कोरडे पडले होते. तिनं पाणी घेतलं नाही.

ओढा ओलांडून माळ चढताना सिद्धम्मा थांबली. चंबूतलं निम्मं पाणी प्यायली आणि उरलेलं मागं धरलं.

"पी. लांब हाय अजून."

शिवगंगा प्यायली. मग घर येईपर्यंत चंबू शिवगंगेच्याच हातात राहिला.

त्यानंतर बरीच वर्षं ती मिठा-गुळासाठी केसरगीला जात राहिली. माणिकप्पा दुकानाच्या कडेला तिच्यासाठी पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा आणि संध्याकाळी तो लिंबाच्या बुडाशी ओतायचा. कसं चाललंय, असं तो विचारायचा. बरं हाय, असं ती सांगायची. एवढंच. त्यानं दिलेला शब्द खरा झाला होता. दर सोमवारी तिला बाप दिसत होता.